मदत हवी आहे : सॅन फ्रान्सिस्कोत आईबाबांना डिमसम खायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी आईबाबांना पहिल्यांदाच डिमसम (चहासोबत खायचे छोटे छोटे चिनी पदार्थ) खायला न्यायचंय. बाबांना मासे प्रिय, त्यामुळे हार गाव, म्हणजे कोळंबीचे ते पारदर्शक मोदकच, ते आवडीने खातील. आई मात्र पक्की शाकाहारी, आणि खरी काळजी तिचीच आहे. मुळ्याच्या केकमध्येही सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं, पालेभाजीवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस, काही पिठांत डुकराची चरबी. रिंकन सेंटरमधलं यांक सिंग रेस्टॉरंट बरं (तिथे ट्रॉल्या फिरतात, पदार्थ डोळ्यांनी बघून घेता येतो) की शेजारच्या डेली सिटीतलं कोई पॅलेस? बाबांचे गुडघे दुखतात, रांगेत फार उभं राहवत नाही. कुणी शाकाहारी पाहुण्यांना नेलंय का? विचारलं तर वाढणारे कशात काय घातलंय ते नीट सांगतात का?