"आमचे जीन्सच तसे" म्हणणाऱ्यांना

सूरसागरकाठी:
काल इथे एकांनी लिहिलं, टाइप टू डायबिटीस जीन्समध्येच, म्हणजे जनुकांतच आहे, आजोबांना होता, वडिलांना होता, मग भात कशाला सोडा. वाचून डोकं फिरलं. अहो, जीन असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं! रात्री आठला जेवून सकाळी फास्टिंग १४८ येते ती साखर कुठून आली? लिव्हरने बनवली. साखर बनवायचे जीन्स सगळ्यांच्याच लिव्हरमध्ये असतात, जेवल्यावर इन्सुलिन आलं की त्यांना चालू ठेवणारं फॉक्सओ१ नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रकाबाहेर हाकललं जातं आणि ते जीन्स गप्प बसतात. पोट सुटलं, लिव्हरमध्ये चरबी साचली की इन्सुलिनचा हा निरोप नीट पोचत नाही. पण चरबी बनवायचा निरोप मात्र बरोब्बर पोचतो! म्हणून साखरही वर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही वर. माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू होतं, ११ किलो उतरवल्यावर फास्टिंग १०४.

मांडवीकर:
झालं प्रवचन? मी पाच फूट सहा, वजन ६१, पॅन्ट ३२ची, तरी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ८.१. मी कुठली चरबी उतरवू, कानाची?

सूरसागरकाठी:
पुण्याचे डायबिटीस संशोधक डॉ. याज्ञिक यांनी आपल्यासारख्यांना 'थिन-फॅट' म्हटलंय ते उगाच नाही. हातपाय काड्या, चरबी आत.

रावपुऱ्याची काकू:
ते फॉक्स-बिक्स राहू दे, खरं दुखणं आमटीत आहे. बडोद्यात तीन पिढ्या काढल्या आणि आमटीची गोड गुजराती दाळ झाली! माझ्या सासूबाई सुपारीएवढा गूळ घालायच्या, आता सूनबाई मूठभर घालते आणि वर म्हणते मुलांना आवडतं.

अलकापुरी_सून:
काकू, सुनेवर कशाला घसरता? माझे सासरे रोज शेव-उसळ हाणून येतात आणि घरी येऊन माझा गूळ मोजतात. आणि गूळ नैसर्गिक असतो, लोह असतं.

सूरसागरकाठी:
गूळ म्हणजे बहुतेक सुक्रोजच हो. त्यातलं अर्धं फ्रुक्टोज, त्याचा मोठा वाटा लिव्हरच पकडतं आणि जास्त झालं की चरबी करतं.

अलकापुरी_सून:
मग पुण्याच्या आमटीत काय कारलं घालतात? तिथेही गूळच असतो. बडोद्याला नावं ठेवायची फॅशन झालीये.

रावपुऱ्याची काकू:
सुपारीएवढा म्हटलं मी! वाचता येतं ना?

मांडवीकर:
गुळावरून हातघाई करा तुम्ही. माझा प्रश्न तसाच आहे. वजन उतरवून शुगर जाते हे सिद्ध कुठे झालंय?

सूरसागरकाठी:
ब्रिटनचा 'डायरेक्ट' नावाचा ट्रायल, २०१७. वजन उतरवायच्या गटात वर्षभरात ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली. १५ किलो किंवा जास्त उतरवलेल्यांत ८६ टक्के.

मांडवीकर:
हो, आणि सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७च्या वरचे. हे खाली बारीक अक्षरात लिहायचं राहिलं का? माझं डायबिटीसचं चौदावं वर्ष आहे. माझे वडील शेतात राबायचे, पोट नव्हतं, तरी पायाचं बोट गेलं. त्यांना कुणी चरबी उतरवा म्हणून दाखवावं.

सूरसागरकाठी:
सहा वर्षांचं मान्य. स्वादुपिंड दमलं की वजन उतरवूनही सगळं परत येत नाही. पण कंबर मोजा एकदा, नाभीवरून, पॅन्टचा नंबर नाही.

मांडवीकर (दुसऱ्या दिवशी):
मोजली. ९१ सेंटिमीटर. झालं समाधान? आपल्या पुरुषांची रेघ ९०ला आहे म्हणे, एका सेंटिमीटरसाठी हार मानत नाही. आणि काकू, आमच्याकडे काल सुपारीएवढाच घातला, कुणी जेवलं नाही.