बोलेरो पिकअपच्या केबिनमध्ये बुफर बसवायचाय, आबांची पाठ सांभाळून

कॅरेटवाला_जुन्नर:
राम राम मंडळी. माझी बोलेरो पिकअप आहे, सिंगल केबिन. हंगामात नारायणगावहून टोमॅटोचे कॅरेट भरायचे, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शीळफाटा करत वाशी मार्केट गाठायचं. रात्रभर गाण्यांशिवाय डोळा उघडा राहत नाही आणि दारातल्या स्पीकरमधून ढोलकी म्हणजे पत्र्याचा डबा वाजवल्यासारखी येते.

गेल्या दिवाळीला एका दुकानात १२ इंची बुफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) बसवून घेतला. भोक पाडलेला मोठा डबा सीटमागे असा ठोकून बसवला की सीट पुढे आली आणि माझा गुडघा स्टिअरिंगला लागायला लागला. तिसऱ्या खेपेला मुरबाडच्या अलीकडे जळका वास. बॉनेट उघडलं तर बॅटरीजवळची फ्यूजची डबी मेणासारखी वितळलेली. वायर सोलली तर वरून तांबूस आणि आत पांढरी! सगळं काढून माळ्यावर टाकलं.

आता स्वतःच बसवायचं ठरवलंय. सीटच्या मागे टेप लावून मोजलं: वर १४ सेंटिमीटर, खाली २३. अॅम्प (बुफरला ताकद देणारं यंत्र) तोच आहे, अंगावर '१८०० वॉट' लिहिलंय. १२ इंचीच पाहिजे, दणका पाहिजे. अडचण एकच, शेजारच्या सीटवर आबा असतात. मणक्याचा त्रास आहे आणि बुफर त्यांच्या पाठीमागेच येणार.

घाट_उतरणारा:
भावा, बसव, पण घाटात बंद ठेव. धुक्यात समोरचं दिसत नाही तेव्हा वळणावरचा हॉर्न कानानेच कळतो. एवढंच सांगायचं होतं. बाकीचं जाणकार सांगतील.

जुना_वायरमन:
वीस वर्षं गाड्यांची वायरिंग केलीय, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

पहिलं, ते १८०० वॉट विसर. अॅम्पच्या बुडाला फ्यूज असतो, तो किती अँपिअरचा आहे बघ. खरे १८०० वॉट काढायचे तर बॅटरीकडून १६० अँपिअरच्या वर ओढावे लागतात. डायनामोच्या अंगावरची पाटी वाच, म्हणजे हसू येईल. फ्यूज ३० चा असेल तर अॅम्प खरा ३०० वॉटच्या आसपासचा समज. आणि तुझ्या केबिनला तेवढे रग्गड झाले.

कारण ऐक. ५० हर्ट्झच्या खालच्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब असते आणि तुझी केबिन जेमतेम दीड मीटर. लाट आत मावतच नाही, मग बुफरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, सगळ्या हवेलाच आत-बाहेर दाबतो. सायकलच्या पंपासारखं. जागा जितकी लहान तितका खालचा सूर फुकटात वाढतो. बंद डब्यातल्या बुफरचा आवाज सूर खाली जाईल तसा कमी होत जातो, केबिन तो भरून काढते, दोघांचं जमतं. भोकाच्या डब्यात नेमकं उलटं होतं, आधीच वाढलेल्यात आणखी भर. म्हणून तुझ्या दुकानदाराने बसवलेलं घुमत असणार, वाजत नसणार. काच उघडलीस की दाब बाहेर पळतो आणि बेस पडतो, हे लक्षात ठेव. बुफर बिघडला म्हणून परत माळ्यावर टाकू नकोस.

तेव्हा १० इंची घे, चपटा, ज्याचं लोहचुंबक आठ-साडेआठ सेंटिमीटरमध्ये बसतं. १८ एमएमच्या प्लायचा उतरता डबा कर: बाहेरून ६० सेंटिमीटर रुंद, ३६ उंच, खोली वर १२ आणि खाली २०. आत साधारण २२ लिटर हवा राहते, दहा इंचीला छान. सांध्यांना गोंद आणि स्क्रू दोन्ही, आतून सिलिकॉन फिरव. मेणबत्ती सांध्याजवळ धरून कोन हाताने हलव. ज्योत हलली की तिथे गळती. समोर जाळी लाव आणि सीटच्या पाठीपासून बोटभर अंतर ठेव, नाहीतर कोन कुशनला थापट्या मारत बसेल.

वायर १० स्क्वेअर मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची. पांढरी निघाली ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम. ती घेतलीस तर जाड तरी घ्यावी लागते, आणि वायरच्या टोकाचा लग सैल राहिला की तिथेच तापते. तुझ्याकडे तेच झालं. फ्यूज ४० चा, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. हा फ्यूज अॅम्पसाठी नसतो, वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. पत्र्यातून आत जाताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेची रबरी कडी) घालायचाच.

अर्थिंगवर सगळे मार खातात. पिकअपची केबिन चासीवर रबराच्या गुटक्यांवर बसलेली असते, म्हणजे केबिनच्या पत्र्याला अर्थ दिलास तरी बॅटरीकडे परतीची वाट गंजलेल्या पट्टीतून. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर अर्थ घे आणि केबिन ते चासी, चासी ते बॅटरी अशा दोन्ही पट्ट्या नव्या टाक. टेपकडून अॅम्पला येणारी सिग्नलची वायर एका बाजूने, पॉवरची दुसऱ्या बाजूने. एकत्र बांधल्यास तर अॅक्सिलेटरबरोबर चढणारा 'सूंऽऽ' आवाज रात्रभर ऐकशील.

छोटा_हत्ती_७०२:
काका, माझ्या टाटा एसला सीटखाली डबा चालेल का?

जुना_वायरमन:
सीटखाली तुझं इंजिन आहे रे! बुफर भाजायचाय का? सीटमागे बघ, नसेल तर आठ इंचीवर समाधान मान.

कॅरेटवाला_जुन्नर:
काका, फ्यूज ३० चाच निघाला. १० इंची आणतो. अॅम्पवर '२ ओममध्ये ३०० वॉट' असं बारीक लिहिलंय. गेन किती ठेवू? दुकानदाराने पूर्ण फिरवून दिला होता.

जुना_वायरमन:
गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, टेपच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायचं बटण. बुफर दोन कॉइलवाला, ४-४ ओमचा घे, दोन्ही कॉइल समांतर जोडल्या की २ ओम होतात. बुफरची वायर काढून ठेव, ५० हर्ट्झचा टोन लाव, टेपचा आवाज पाऊण, अॅम्पच्या बुफरच्या टोकांना मीटर लाव, एसीवर. गेन हळूहळू वाढव, २४ व्होल्टच्या जरा वर आलं की थांब, २ ओममध्ये ३०० वॉट म्हणजे तेवढेच. अॅम्पवरचा फिल्टर ८० हर्ट्झवर, म्हणजे बुफरला खालचेच सूर जातील. आबांसाठी: डबा ड्रायव्हरच्या बाजूला सरकव. एवढ्या खालचा सूर कुठून येतो ते कानाला कळत नाही, पण पाठीला कळतं.

कॅरेटवाला_जुन्नर:
झालं मंडळी. रविवारचा अख्खा दिवस गेला, त्यातला अर्धा मेणबत्ती घेऊन. अर्थची जुनी पट्टी हातात घेतली तर तुटलीच.

काल पहिली खेप. आबा गावच्या भजनात पखवाज वाजवतात, म्हणून मुद्दाम अभंग लावला. आळेफाटा गेला तरी काही बोलेनात. मग म्हणाले, "कणीक जास्त झालीय रे." मला आधी कळेना. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात, ती जास्त झाली की आवाज बसका येतो. अॅम्पवरचा गेन दोन रेघा खाली घेतला. आबांनी मांडीवर चार बोटं वाजवून बघितली आणि घाटाच्या तोंडाशी झोपी गेले. घाटात बंद केला होता, हेही सांगून ठेवतो.