हाबर प्रोसेस शिकवताना पुढचं सांगायचं का? आणि सांगितलं तर चूक कुठे झाली म्हणायचं?

दाभोळ_मास्तर
नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो. अमोनियाच्या धड्यात हाबर प्रोसेस येते, हवेतला नायट्रोजन, हायड्रोजन, लोखंडाचा कॅटॅलिस्ट, साधारण २०० ॲटमॉस्फिअर प्रेशर, परीक्षेपुरतं एवढं बास. यंदा मी पुढचंही सांगितलं. ह्याच अमोनियापासून आपण भाताला टाकतो तो युरिया होतो, आणि ह्याच अमोनियापासून नायट्रिक ॲसिड करून जर्मनीने पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवला, कारण ब्रिटिश आरमाराने चिलीहून येणारा सोरा, म्हणजे दारूगोळ्याला लागणारं नायट्रेट, अडवला होता. आणि हाच फ्रिट्झ हाबर २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ आघाडीवर स्वतः हजर होता, क्लोरीनचे हजारो सिलिंडर उघडले तेव्हा. त्याची बायको क्लारा इमरवार, ती पण केमिस्ट्रीत डॉक्टरेट, तिने २ मे ला त्याच्याच रिव्हॉल्व्हरने गोळी झाडून घेतली आणि हा दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या आघाडीवर निघून गेला. पुढे अमोनियासाठी १९१८ चं नोबेल.

वर्गात एका मुलीने विचारलं, सर ह्यात चूक नक्की कुठे झाली, शोध लावला तेव्हा, गॅस सोडला तेव्हा, का नोबेल दिलं तेव्हा? मी पुढच्या आठवड्यात बोलू म्हटलं. तुम्ही काय सांगाल?

लोटे_शिफ्टवाला
सर मी लोट्याला केमिकल कंपनीत आहे, क्लोरीनचे टनर, म्हणजे एक टनाचे मोठे सिलिंडर, रोज बघतो. गॅस हवेपेक्षा अडीच पट जड, जमिनीलगत पसरतो, म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की लीक झाला तर वाऱ्याला आडवं आणि चढाकडे पळायचं, खाली बसायचं नाही. आता विचार करा, खंदकातला शिपाई चढाकडे गेला तर गोळी, खाली राहिला तर गॅस. हे ज्याने ठरवलं त्याला क्लोरीनचा हा गुण पाठ होता, तोच गुण बघून त्याने हा गॅस निवडला. माझ्यासाठी चूक तिथे आहे. शोधाला दोष देऊ नका, थळला आरसीएफच्या खत कारखान्यात अमोनियाच बनतो आणि त्याच्यावर अख्ख्या महाराष्ट्राची शेती चालते. १९९७ पासून जो रासायनिक अस्त्रबंदीचा करार लागू आहे त्यातसुद्धा हेच धोरण आहे, क्लोरीन बनवायला बंदी नाही, पाणी त्यानेच शुद्ध होतं, माणसं मारायला वापरायला बंदी आहे.

माणगावकर_माजी_सैनिक
लोटेवाले दादांचं पटलं पण एक राहतंय. सगळं हाबरवर टाकलं की बाकीचे सुटतात. परवानगी दिली लष्करप्रमुख फाल्कनहाइनने. विषारी अस्त्रं वापरणार नाही असं १९०७ च्या हेग कराराने जर्मनीने कबूल केलेलं होतं. आणि समोरचेही काही साधू नव्हते, पाचच महिन्यांत, सप्टेंबर १९१५ ला फ्रान्समधल्या लूसला ब्रिटिशांनी तोच क्लोरीन सोडला. ईप्रला त्याच एप्रिलमध्ये आपली लाहोर डिव्हिजन पण उतरली होती, आपल्या पोरांच्याही छातीत तो गॅस गेला. कुणाचं युद्ध आणि कुणाची पोरं. आमच्या माणगावात यशवंत घाडग्यांचं स्मारक आहे, ते १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. शौर्याला माझा सलाम कायम. पण शिपायाने समोरासमोर लढणं वेगळं आणि सिलिंडर उघडून वाऱ्याची वाट बघणं वेगळं. हा फरक पोरांना सांगा सर.

चिपळूणची_वाचक
मास्तर, मी त्या मुलीला हाबरपेक्षा त्याच्या हाताखालच्या एका माणसाची गोष्ट सांगेन. जेम्स फ्रांक, फिजिक्सवाला. हा हाबरच्या गॅस तुकडीत होता, ऑटो हान हा केमिस्टही होता. हानने हेग कराराचं काढलं तेव्हा हाबर त्याला म्हणाला की ह्याने युद्ध लवकर संपेल आणि उलट जीव वाचतील. हे वाक्य लक्षात ठेवा, १९४५ मध्ये अणुबॉम्बबद्दल जवळपास हेच पुन्हा बोललं गेलं.

फ्रांकला पुढे १९२५ चं नोबेल मिळालं, १९३३ ला नाझींनी ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केली तर ह्याने, महायुद्धात लढलेला म्हणून सूट मिळत असूनही, जाहीर राजीनामा दिला आणि शेवटी अमेरिकेत गेला. तिथे शिकागोला अणुबॉम्बच्या कामात त्याला बोलावलं तेव्हा तो आला, पण अट घालून आला, की बॉम्ब तयार होईल तेव्हा माझं मत अगदी वरपर्यंत मांडू द्यायचं. ११ जून १९४५ चा फ्रांक अहवाल म्हणतात तो हाच, जपानी शहरावर एकदम टाकू नका, आधी ओसाड जागी सगळ्या देशांसमोर दाखवा. मला ह्या माणसाबद्दल फार वाटतं. एकदा तो हो म्हणून बसलेला होता, आणि म्हणूनच बहुतेक दुसऱ्यांदा कामाला हात लावायच्या आधी अट घातली, नंतर नाही. चूक कुठे झाली ह्याचं माझं उत्तर हेच, बोलायची जागा हातात असताना ती सोडली तिथे.

आणि क्लाराला मुलांसमोर नुसती निषेधाची मूर्ती करू नका. तिचं शिक्षण लग्नानंतर घरात अडकून पडलं होतं, तेही सांगा.

मालवण_बंदर
ताई, माका पटणा नाय. अहवाल दिला आणि ६ ऑगस्टला हिरोशिमा झालंच ना? अट घातली म्हणून एक तरी जीव वाचला का? काम मात्र पूर्ण करून दिलं. त्यापेक्षा त्याच अणुबॉम्बच्या प्रकल्पातला शास्त्रज्ञ रोटब्लाट बरा, १९४४ च्या शेवटी जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर प्रकल्प सोडून गेला, आयुष्यभर अण्वस्त्रांविरुद्ध काम केलं, १९९५ ला शांततेचं नोबेल मिळालं.

आणि मास्तर, तुम्हाला लांब जायची गरजच नाही, महाभारतातलं सौप्तिकपर्व काढा. अश्वत्थाम्याने मागितलं म्हणून द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र त्याला दिलं, मनात नसताना, मुलगा कसा आहे हे माहीत असताना, आणि वर सांगितलं की माणसांवर वापरू नकोस. असलं सांगणं कुठे पाळलं जातं? अर्जुनाला अस्त्र मागे घेता आलं, ह्याला आलं नाही, मग उत्तरेच्या गर्भावर गेलं ते. मी तरी दोष आधी द्रोणांना देतो. शिकवणाऱ्याला समोरचा कोण आहे ते दिसत असतं.

चिपळूणची_वाचक
दादा, द्रोणांचं अगदी मान्य. पण रोटब्लाट गेल्यावर त्याची खुर्ची दुसऱ्याने भरली आणि काम चालूच राहिलं. आत राहून लिहिलेल्या कागदामुळे निदान हे तरी पक्कं झालं, की 'आम्हाला दुसरा मार्ग सुचवलाच नव्हता' असं पुढे कुणाला म्हणता येत नाही. तेवढ्याने मेलेले परत येत नाहीत हे मलाही कळतं.

मुरुड_दापोली
तुम्ही सगळे नोबेलवाल्यांचं बोलताय, अट घालायला पत लागते. ज्युनियरने काय करायचं? मास्तर, तुमच्या तालुक्यातलं उदाहरण देतो. आमच्या मुरुडचे महर्षी कर्वे, त्यांची सून इरावती कर्वे, १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडीला गेल्या. गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारा बडा माणूस, पुढे नाझींच्या काळात विद्यापीठाचा रेक्टर झाला. संस्था बर्लिनच्या डालेम भागात, हाबरची संस्थाही तिथेच, आणि तेव्हा तोच तिचा डायरेक्टर. युरोपियनांच्या कवटीचा आकार वेगळा, म्हणून बुद्धी जास्त, असलं काहीतरी फिशरला सिद्ध करून हवं होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. परदेशात, एकटी बाई, डिग्री ह्याच माणसाच्या हातात. मोजलं ते लिहिलं. बारावीच्या पोरांना हे जास्त कळेल कारण प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग जुळवून लिहायचा मोह त्यांना आत्ताच होतो.

दाभोळ_मास्तर
मुरुडकर, जर्नलचं अगदी वर्मावर बोललात, टायट्रेशनचं रीडिंग शेजारच्याचं बघून लिहिणारी अर्धी बॅच आहे. मी दोन तास घेतो, एक हाबर आणि फ्रांकचा, दुसरा इरावतीबाईंचा. मालवणकर, द्रोणांचं माझ्या जिव्हारी लागलं, ते मुलांपेक्षा स्टाफरूममध्ये आधी बोलेन. लोटेवाले दादा, एखाद्या शनिवारी सुट्टी असेल तर कॉलेजला याल का? वारा आणि चढाचं ते तुम्हीच सांगा, तुम्ही रोज टनरजवळ उभे असता.

लोटे_शिफ्टवाला
येतो की सर. पुढच्या महिन्यात फर्स्ट शिफ्ट आहे, तीननंतर मोकळा. सेफ्टीचा मास्क पण मिळाला तर घेऊन येतो, पोरांना घालून बघू दे.