जास्वंदीवर मिलीबग (पिठ्या ढेकूण), पण मधमाश्या वाचवायच्यात. मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीचं आहे. आमची सोसायटी ठाण्यात, घोडबंदर रोडला. येऊरचा डोंगर जवळ असल्याने बागेत भुंगे, फुलपाखरं, पोयाच्या माश्या (बारीक मधमाश्या) भरपूर.

होळीपासून कुंपणाच्या जास्वंदीवर आणि पपईवर पांढरा कापूस चढलाय. शेंडे आकसून गोळा झालेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतात, खालची पानं चिकट होऊन काळी पडलीत. चिरडलं की पिवळा रस निघतो. पपईचा मिलीबग असावा, 2008 मध्ये कोइमतूरला सापडलेला, मूळ मेक्सिकोकडचा. खोडावर मुंग्यांची रांग तर अखंड चालूच.

रविवारी सकाळी पेस्ट कंट्रोलवाला येऊन इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारणार. ते झाडात भिनतं, मकरंदात आणि परागातही उतरतं. त्यात सकाळी, म्हणजे माश्यांच्या ऐन गर्दीत! सेक्रेटरीकाका म्हणतात, "माश्या गेल्या तर बरंच, पोरांना चावणार नाहीत." (पोयाच्या माशीची नांगी टोचतच नाही, पण ऐकतंय कोण.) मात्र "नुसता विरोध नको, पर्याय सांग" हेही म्हणाले, आणि ते रास्त आहे.

तर कडुनिंबाचं तेल किती घ्यायचं? पिवळे चिकट सापळे लावू का? आणि एक कोडं: मिलीबगच्या गर्दीत तसाच पांढरा, पण मोठा, झिपऱ्या सुटलेला एक किडा चुरूचुरू पळताना दिसतो. तो कोण?

प्रतिसाद १
झिपऱ्या किड्याला हात लावू नका! ती बहुतेक क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी. मिलीबग हेच तिचं जेवण. मिलीबग एवढे पळत नाहीत, हीच खूण. 1898 मध्ये हा भुंगेरा ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला. तो दिसेल त्या फांद्यांवर कडुनिंबही मारू नका.

बाकी ठिकाणी आधी गोळा झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टात नको. मग पाइपाने जोरात पाणी मारा, निम्मं काम तिथेच होतं. त्यानंतर लिटरला 5 मिली तेल आणि थोडा सौम्य साबण, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. उमललेल्या फुलांवर नको. आठवड्याने पुन्हा, कारण कापसातली अंडी एका फवारणीत जात नाहीत.

सापळे नकोत. मिलीबगच्या माद्यांना पंखच नसतात, चिकटतील ते मित्रकीटक.

प्रतिसाद २
आधी मुंग्या अडवा. चिकट गोडव्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात, भुंगेऱ्यांना हाकलतात. 2010 मध्ये सरकारने प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस नावाची बारीक गांधीलमाशी आणून सोडली, ती याच मिलीबगमध्ये अंडी घालते. फुगलेले, तपकिरी, भोक पडलेले मिलीबग दिसले तर ती तुमच्याकडे पोचली समजा. ती पानं छाटू नका, आणि काकांनाही तीच दाखवा.

धागाकर्ती
खूप आभार! दोन पानांवर तसले तपकिरी आहेत, फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकलेत. रविवारची फवारणी तूर्त पुढे ढकलली. मुंग्यांसाठी खोडाला गाडीचं ग्रीस चालेल का?

प्रतिसाद २
चालेल, पण सालीवर थेट नको. आधी रुंद टेप गुंडाळा, त्यावर ग्रीस. कुंपणाला टेकलेल्या फांद्याही कापा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.