‘मैलाचा दगड’, ‘कलाटणी’ की नुसतं ‘पाणी आलं’?

नारायणपेठी
पुढच्या महिन्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. घरच्यांपुरती छोटी पुस्तिका काढतोय आणि मी आठवडाभर एकाच वाक्यावर अडकले आहे.

१२ जुलै १९६१. सकाळी पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. एसएससी नुकती झालेली, कॉलेजात नाव घालायचं ठरलेलं. नदीकाठचं घर गेलं, सगळे पूरग्रस्तांसाठीच्या तात्पुरत्या निसेन हटमध्ये राहिले, मग गोखलेनगर. कॉलेज राहिलंच. टायपिंग शिकून ती नोकरीला लागली आणि पाठच्या तिघांची शिक्षणं तिच्या पगारावर झाली.

मामेभावाने मसुदा पाठवला : “पानशेतचा पूर ही तिच्या जीवनातील ऐतिहासिक व मैलाचा दगड ठरलेली घटना होय.” आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “दगड कसला मेला? आमचा पाटा-वरवंटासुद्धा गेला वाहून.”

तर काय लिहू? ‘कलाटणी’? ‘निर्णायक वळण’? ‘नवे पर्व’?

शुद्धलेखनाचा_वैरी
‘युगप्रवर्तक’ टाका. हॉल एसी असेल तर शोभेल.

जुनी_पाटी
मैलाचा दगड पहिल्यांदा काढा. तो रस्त्याच्या कडेला उभा असतो, किती आलो ते सांगतो; रस्ता वळवत नाही. पतपेढीची पन्नाशी, शाळेची शंभरावी तुकडी, अशा ठिकाणी तो ठीक. ‘ऐतिहासिक’चं तर विचारू नका. आमच्या सोसायटीत लिफ्ट बदलायचा निर्णयही ऐतिहासिक होता. (ती अजून बंद आहे.)

कलाटणी मिळायला आधी काहीतरी एका दिशेने चाललेलं लागतं. तुमच्या आईचं चाललं होतं, कॉलेजच्या दिशेने. म्हणून तिच्यापुरता शब्द बसतो. मात्र ‘पुण्याला कलाटणी मिळाली’ असं लिहू नका. त्या दिवशी माणसं गेली आहेत. कलाटणी हा नाटकाच्या तिसऱ्या अंकातला शब्द वाटतो, तिथे तो हलका पडेल.

उसाचा_फड
मी सांगलीकडचा, शेतकरी माणूस. भाषेतलं फार कळत नाही, पण ‘पर्व’ म्हणजे मुळात पेर, उसाचं कांड जिथं जोडलेलं असतं ती गाठ. महाभारताची अठरा पर्वं त्याच शब्दाची. आता गंमत बघा, उसाचा डोळा पेरावरच असतो. टिपरी लावली की कोंभ तिथनंच फुटतो, मधल्या गुळगुळीत कांडातनं नाही. म्हणून मला पर्व आवडतो. पण त्याच्यामागं ‘नवे’ लावलं की निवडणुकीचा फलक होतो. नुसतं ‘पर्व’ ठेवा.

बखरवाला
माझं मत वेगळं आहे. घटना खरोखर मोठी असेल तर माणसं तिला विशेषण लावतच नाहीत, तिचं नावच शब्द होतं. १७६१ नंतर ‘पानिपत झालं’ म्हटलं की पुरे. आज निवडणुकीत आपटलेल्या पक्षाचंही पानिपतच होतं. त्या पराभवाची जी बातमी पेशव्यांना पोचली म्हणतात, तीत कुठे ‘अभूतपूर्व’ नाही. दोन मोत्यं गळाली, मोहरा गेल्या, खुर्द्याची गणती नाही, असा नुसता हिशोब. तसंच ‘बहात्तर’. मराठवाड्यात कुणाला विचारा, दुष्काळ हा शब्द न उच्चारता कळतं.

पुण्यात ‘पानशेत’ तसंच आहे. तुमची आई काय म्हणते, ते लिहा.

नारायणपेठी
बखरवाला, काल मुद्दाम लक्ष ठेवलं. ती पूरसुद्धा म्हणत नाही. “पाणी आलं त्या दिवशी” म्हणते. आणि आमच्या घरात सगळ्या वस्तूंचे दोनच काळ आहेत : पाण्याआधीची आणि पाण्यानंतरची. पाण्याआधीचं फक्त एक पितळी फुलपात्र उरलंय. गंमत म्हणजे त्यानंतर नळाला पाणी नव्हतं, कारण धरणच रिकामं. वाड्यांतल्या विहिरी उपसून लोकांनी दिवस काढले. तिला ते जास्त आठवतं.

उसाचा फड, ‘पर्व’ वाचून दाखवला. आईला डोळ्याची गोष्ट फार आवडली, पण “पुस्तिकेत नको, मी काय ऊस आहे?” म्हणाली.

शेवटी लिहिलं ते असं : “पाणी आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. ऑगस्टमध्ये तिने टायपिंगच्या क्लासात नाव घातलं.” मामेभावाला फारच कोरडं वाटतंय. आईने वाचलं आणि एकच दुरुस्ती केली : ऑगस्ट नव्हे, सप्टेंबर. ऑगस्टमध्ये फीचे पैसे नव्हते.