तीन वॉल, तीन मशीन आणि एक जुनी फाईल: कंटेंट कसा सांभाळता?

कुपवाड_एलईडी:
नमस्कार मंडळी. आपलं एलईडी वॉल भाड्यानं द्यायचं काम, गोडाऊन कुपवाडला. लग्नं, गणपती, सभा, जे येईल ते. पी ३.९ चे (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९ मिलिमीटर) ५०० बाय ५०० मिलिमीटरचे कॅबिनेट आहेत, म्हणजे जोडून वॉल करायचे चौकोनी डबे. नेहमीचा सेटअप म्हणजे मधे २० बाय ६ कॅबिनेटची मेन वॉल (१० मीटर बाय ३ मीटर) आणि दोन्ही बाजूला ४ बाय ६ च्या साईड वॉल, कधीकधी गेटवर अजून एक. प्रत्येक वॉलला वेगळं मशीन, सगळ्यांवर रेझोल्युम अरिना, म्हणजे वॉलवर व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर. तीन पोरं तीन मशीनवर बसतात आणि 'एक दोन तीन' म्हणून बटण दाबतात, हसू नका.

गेल्या महिन्यात मिरजेला लग्न होतं. एडिटरनं व्हिडिओत नवरदेवाच्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' टाकलेलं आणि आजोबा चांगले धडधाकट, पहिल्या रांगेत सोफ्यावर. पाच वाजता कुणाच्यातरी लक्षात आलं, दुरुस्त फाईल आली, पोरानं पेनड्राइव्हनं मेनवर टाकली, उजवीवर टाकली, तेवढ्यात जनरेटरवाल्यानं हाक मारली आणि डावीवर टाकायची राहिली. आजोबा डावीकडंच बसलेले. ते एकटेच हसले, बाकी कोण हसलं नाही.

आता विचारायचं असं की प्रत्येक मशीनवर फक्त त्या वॉलचंच ठेवायचं की सगळ्यांवर सगळं? का एक नॅस (सगळ्या मशीनला लॅननं जोडलेली सामायिक डिस्क) घेऊन तिथनंच प्ले करायचं? आणि फाईलला नावं कशी देता? आमच्याकडं 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'फायनल हाच घ्या' असं चालतं.

मिरज_व्हीजे:
सगळ्यांवर सगळं. दोन कारणं. एक म्हणजे ऐन टायमाला एक मशीन बसलं तर दुसरं कुठलंही त्याच्या जागी लावता येतं. दुसरं, सगळीकडं फोल्डर हुबेहूब सारखं असलं की कुठं काय राहिलं ते लगेच दिसतं. आणि सारखं म्हणजे पाथसकट सारखं. एकावर डी ड्राइव्हवर आणि दुसऱ्यावर डेस्कटॉपवर असलं की कॉम्पोझिशन (रेझोल्युमची प्रोजेक्ट फाईल) दुसऱ्या मशीनवर नेली की क्लिपांना फाईल सापडत नाही, मग बसा शोधत.

नावात पुढं नंबर टाक, ०१०, ०२०, ०३० असे दहा दहाच्या अंतरानं, म्हणजे मधे काही घुसलं तर ०२५ देता येतो (लग्नात घुसतंच, मामाचा डान्स वगैरे). मग कार्यक्रम, मग कुठल्या वॉलचं. व्हर्जनचं मात्र बघून. डिसगाइज (मोठ्या शोचं सॉफ्टवेअर) वापरणारे नावाच्या शेवटी व्ही ०१, व्ही ०२ लावतात आणि ते सॉफ्टवेअर आपसूक मोठा नंबर उचलतं. रेझोल्युममध्ये क्लिप त्या ठराविक फाईललाच बांधलेली असते, तिथं नाव बदललं की ती जुनीच वाजवत बसणार. म्हणून नाव तेच ठेवायचं, जुनी फाईल 'जुने' नावाच्या फोल्डरात ढकलायची, ते फोल्डर फक्त मास्टर मशीनवर, म्हणजे जिथनं बाकीच्यांवर कॉपी होते तिथं. बाकी मशीनवर जुनी फाईल असूच द्यायची नाही. नसेल तर वाजेल कशी.

सातारा_टेक:
नावं फोल्डर ठीक आहे पण मला एक कळंना, तुम्हाला तीन मशीन लागतातच कशाला? जरा हिशोब करू. तुमच्या कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल. मेन झाली २५६० बाय ७६८, साईडची एकेक ५१२ बाय ७६८. तिन्ही शेजारी लावल्या तरी ३५८४ बाय ७६८. हा कॅनव्हास एका फोरके फ्रेमपेक्षा लहान आहे राव. एका बऱ्या ग्राफिक कार्डला चार आउटपुट असतात, अरिनाच्या ॲडव्हान्स्ड आउटपुटमधून तीन वॉल तीन आउटपुटला कापून द्या. कंट्रोलरच्या (मशीनचं चित्र कॅबिनेटला पोचवणारा डबा) एका पोर्टला साडेसहा लाख पिक्सेल धरले तर मेनला पाच पाच कॉलमचे चार पोर्ट, प्रत्येकी ४ लाख ९१ हजार, आरामात बसतं. साईडला एकेक पोर्ट पुरतो.

म्हणजे एक मशीन शोला, दुसरं तस्संच बॅकअपला, तिसरं गेटला. एकच व्हिडिओ, एकच क्लिप, एकच बटण. 'कै.' लागलं तर तिन्ही वॉलवर लागेल आणि निघालं तर तिन्हीवरून निघेल.

एडिटरला ३५८४ बाय ७६८ चा पिक्सेल मॅप, म्हणजे कुठली वॉल कुठं येते त्याचा नकाशा, जेपीजी करून पाठवा, मधे रेघा मारून. नाहीतर तो १९२० बाय १०८० देतो आणि नवरीचं डोकं कापलं जातं.

कुपवाड_एलईडी:
च्यायला, हे डोक्यातच आलं नाही. वॉल वाढत गेल्या तसं मशीन घेत गेलो. पण एका मशीनवर एवढा मोठा व्हिडिओ अडकणार नाही का? एमपीफोर मेनवर सुद्धा कधीकधी झटके खातो.

सातारा_टेक:
एमपीफोर आहे म्हणूनच खातो. त्याच्या आत बहुधा एच २६४ असतं, म्हणजे व्हिडिओ दाबायची एक पद्धत, त्यात बहुतेक फ्रेम आधीच्या पुढच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात, उडी मारली की प्रोसेसरला मधलं सगळं उलगडत बसावं लागतं. डीएक्सव्ही किंवा हॅप या फॉरमॅटमध्ये करून घ्या, त्यात प्रत्येक फ्रेम सुटी आणि उलगडायचं काम ग्राफिक कार्ड करतं. किंमत म्हणजे फाईलचा आकार. साध्या हॅपला पिक्सेलमागं अर्धा बाइट धरला तर तुमचा पूर्ण कॅनव्हास २५ फ्रेमला सेकंदाला साधारण ३४ एमबी, दहा मिनिटाचा व्हिडिओ २० जीबीच्या आसपास. दोन तीन लेयर एकदम चालले की साधी हार्डडिस्क दम टाकते, एसएसडीच पाहिजे.

नॅस कॉपी करायला घ्या, प्ले करायला नको. गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, कागदावर भागतं, पण मांडवात लॅनच्या केबलवरून आचाऱ्याची हातगाडी जाते.

कृष्णाकाठ:
कॉपीचं मी सांगतो कारण मी ठेच खाल्लीय. पेनड्राइव्ह बंद करा, मास्टरवरून बाकीच्यांवर रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड) मिरर मोडमध्ये. मास्टरवर जे नाही ते ती समोरच्या मशीनवरून उडवते, हाच फायदा आणि हाच धोका. मी एकदा घाईत उलटी दिशा दिली, जुन्या मशीनवरून नव्यावर, आणि तासगावच्या एका कार्यक्रमाचं दिवसभराचं काम साफ. तेव्हापासून दोन बॅच फाईल (कमांड आधीच लिहून ठेवलेल्या फाईली) करून ठेवल्यात, दिशा हातानं टाइपच करत नाही. मास्टरला हात लावणारा माणूस एकच, बाकी कुणी काही आणलं तर त्याच्याकडं द्यायचं.

आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, २ जीबीपर्यंत जातो. साधा पाठवला की त्याचा चुरा होतो आणि दहा मीटरच्या वॉलवर तो चुरा गावाला दिसतो.

मिरज_व्हीजे:
गेटचं मशीन वेगळं राहणार असेल तर 'एक दोन तीन' तिथंही सोडा. शोच्या मशीनवरून टाइमकोड (व्हिडिओ कुठल्या वेळेवर आहे ते सांगणारा सिग्नल) ऑडिओ केबलनं गेटला द्या, अरिना तो घेतो. एखादी फ्रेम मागंपुढं झाली तरी वॉल लांब असल्यानं कुणाला कळत नाही. एकाच वॉलचे दोन भाग दोन मशीनवर असते तर मात्र जोडावर फाटलेलं दिसलं असतं. आवाज फक्त शोच्या मशीनचा, बाकी म्यूट.

कुपवाड_एलईडी:
लय भारी. रविवारी गोडाऊनलाच वॉल उभी करून ३५८४ चा कॅनव्हास टाकून बघतो. गेट साधारण ३०० फुटावर असतं, तिथं मशीन न ठेवता कंट्रोलरमधून थेट कॅट सिक्स केबल ओढली तर चालेल का?

सातारा_टेक:
३०० फूट म्हणजे ९१ मीटर, मर्यादा १०० ची. खांबाला वळसे घालत गेलात की संपलं. फायबर कन्व्हर्टरची जोडी घ्या, सिग्नल फायबरनं लांब नेणारी.

कृष्णाकाठ:
पेमेंट मिळालं का त्या लग्नाचं?

कुपवाड_एलईडी:
अर्धं. उरलेल्यासाठी आजोबांनाच फोन लावणारे.