न्यू जर्सीत ९ मि.मी. कार्बाइन घ्यायची आहे. कोणती कायद्यात बसेल?

रारीतनकाठ :
नमस्कार. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून आम्ही पतिपत्नी जवळच्या बंदिस्त नेमबाजी केंद्रात भाड्याच्या ९ मि.मी. पिस्तुलाने सराव करतो. पत्नीला पिस्तूल स्थिर धरणे जड जाते, म्हणून त्याच काडतुसावर चालणारी, खांद्याला लावता येणारी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, घ्यावी असे मनात आहे. बंदूक खरेदीचे ओळखपत्र दोघांकडेही आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एका दुकानात ए.आर.-१५ या रायफलीच्या धाटणीची, मागेपुढे सरकणाऱ्या दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या भागाची) कार्बाइन पाहिली. दस्ता आखूड करताच ती पत्नीला चपखल बसली, परंतु ‘जर्सीत चालणार नाही’ एवढेच सांगून दुकानदाराने विषय संपवला. नेमके काय आड येते आणि त्याऐवजी काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन. शिवाय डिसेंबरात धाकटा भाऊ पुण्याहून येणार आहे. त्यालाही एकदा केंद्रावर न्यावे म्हणतो.

जुना नेमबाज :
आपल्या राज्याचा १९९० चा कायदा बंदूक दोन बाजूंनी अडवतो. पहिली बाजू नावांच्या यादीची. तीत उझी आणि एम.पी. ५ या लष्करी धाटणीच्या बंदुकांबरोबर दुसऱ्या महायुद्धातली एम-१ कार्बाइनही आहे. लाकडी दस्त्याची ती साधी बंदूक तिथे का, हे मला आजवर पटलेले नाही. दुसरी बाजू यादीतल्या बंदुकांशी साम्याची, आणि त्यासाठी महाधिवक्त्यांनी १९९६ मध्ये निकष घालून दिले. सुटे मॅगझीन (काडतुसांची पेटी) लागणाऱ्या अर्धस्वयंचलित, म्हणजे घोडा दाबेल तशी एकेक गोळी झाडून पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलीला दुमडता किंवा सरकता दस्ता, खाली ठळक उतरलेली पिस्तुलासारखी मूठ, संगिनीची खोबण, ज्वालारोधक (नळीच्या टोकाशी दिसणारी ज्वाला कमी करणारा भाग) किंवा तो बसवण्याजोगे आटे असलेली नळी आणि ग्रेनेड लाँचर, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी असल्या की ती बंदी असलेल्या वर्गात जाते. तुम्ही पाहिलेल्या बंदुकीत दस्ता आणि मूठ मिळून दोन तिथेच भरल्या.

त्याच धाटणीची, दस्ता कायमचा पक्का केलेली आणि बिनआट्याच्या नळीची आवृत्ती जर्सीत मिळते; पण दस्ता एकाच लांबीला अडकला की ज्या सोयीसाठी ती वहिनींना आवडली, तीच गेली. म्हणून माझे मत स्पष्टपणे रुगर कंपनीच्या पी.सी. कार्बाइनच्या बाजूने आहे. हिचा दस्ता जुन्या शिकारी रायफलीसारखा असून खांद्याकडच्या रबरी गादीमागे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या तीन चकत्या असतात. त्या काढल्या की दस्ता दीड इंचाने आखूड होतो, आणि तरीही तो कायद्याच्या अर्थाने सरकता ठरत नाही. नळी १६.१२ इंच आहे, म्हणजे संघराज्याच्या १६ इंचांच्या किमान मर्यादेच्या किंचित वर. पुढची खटकी दाबून नळी जराशी पिळली की बंदुकीचे दोन भाग होतात आणि ती साध्या पाठपिशवीत मावते.

मात्र निर्बंध असलेल्या राज्यांसाठीची आवृत्तीच मागा. एरवीच्या आवृत्तीत आट्यांची नळी आणि १७ काडतुसांचे मॅगझीन येते. डिसेंबर २०१८ पासून आपल्याकडे मर्यादा १० ची आहे, आणि मोठे मॅगझीन रिकामे, कपाटात पडलेले असले तरी तो फौजदारी गुन्हा आहे.

कागदपत्रे आधी :
भावाविषयी कळकळीने सांगतो. तो पर्यटक व्हिसावर येत असेल तर त्याच्या हाती बंदूक देऊ नका. केंद्रातली भाड्याची, पाच मिनिटांसाठीसुद्धा नको. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास संघराज्याचा कायदा १९९८ पासून मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा) व्हिसावरची आपली कित्येक मंडळीही यातच येतात, आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांबरोबर सहज म्हणून केंद्रावर जातात, याची मला खरोखर काळजी वाटते. भारतात ९ मि.मी. हे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणारे माप, असल्याने पुण्याहून येणाऱ्याला उत्सुकता असणारच, पण त्याच्या पुढच्या व्हिसाची किंमत मोजून ती भागवू नये.

शिंपला :
वहिनींसाठी एक बाई म्हणून लिहिते. कार्बाइन वजनदार असल्याने धक्का जाणवणारच नाही, असे दुकानात सांगतात. ते पूर्ण खरे नाही. या वर्गातल्या बहुतेक बंदुकांमध्ये नळीला कुलूप नसते, केवळ बोल्टच्या (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) वजनाने दाब रोखला जातो, आणि तो जड बोल्ट मागे आदळला की खांद्याला ठोसा बसल्यासारखे वाटते. रुगरने बोल्टमध्ये सरकते टंगस्टनचे वजन ठेवून हा ठोसा बराच सौम्य केला आहे, तरीही वहिनींनी आधी भाड्याने चालवून पाहावी.

दुसरा पर्याय .३५७ मॅग्नम काडतुसाच्या लिव्हर रायफलीचा, म्हणजे दर गोळीनंतर खालची दांडी हाताने खालीवर करून काडतूस भरायच्या रायफलीचा. तिच्यात .३८ स्पेशल काडतुसेही चालतात आणि ती फार मऊ लागतात. अर्धस्वयंचलित नसल्याने वरचे निकष आणि मॅगझीनची मर्यादा तिला लागू होत नाहीत. उद्या नोकरीसाठी हडसन नदीपलीकडे जावे लागले, तर हे विशेष उपयोगी पडेल, कारण २०१३ पासून न्यूयॉर्कमध्ये सुट्या मॅगझीनच्या अर्धस्वयंचलित रायफलीवर असे एकच वैशिष्ट्यही चालत नाही. बाजूच्या झडपेतून एकेक काडतूस आत ढकलताना अंगठा मात्र दुखतो.

रारीतनकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. भाऊ काचेपलीकडून पाहील. रुगर आणि लिव्हर रायफल दोन्ही पत्नीच्या हातून चालवून मग ठरवू. घरून केंद्रापर्यंत नेण्याचा नियम तेवढा सांगावा.

जुना नेमबाज :
बंदूक रिकामी करून, बंद आणि नीट कडी लावलेल्या पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत ठेवावी. वाटेत परिस्थितीनुसार आवश्यक तेवढेच थांबणे कायद्याला मान्य आहे, त्यामुळे किराणा आणि देऊळ परत आल्यावर करावे.